ओळखीतलं काम आणि लेखी कागद

‘‘काकू, पैसे मागायचे तरी कसे? ओळखीतले आहेत ना ते!’’ सिडकोतल्या आमच्या शेजारची सून डोळ्यांत पाणी आणून विचारत होती. ती घरी बसून लोकांना वेबसाइट तयार करून देते. नवऱ्याच्या मित्राच्या दुकानाचं काम घेतलं, १८ हजार रुपये ठरले, तेही तोंडी. मग ‘हा रंग बदला’, ‘अजून दोन पानं टाका’, ‘आमच्या हिला आवडलं नाही’ असं करत चार महिने गेले. वेबसाइट सुरू झाली, हिच्या हातात मात्र दोन हजार! फोन केला की ‘पुढच्या आठवड्यात बघू’. वर सासूबाई म्हणतात, ‘‘जाऊ दे गं, घरात बसूनच तर केलंस!’’

हे ‘घरात बसूनच’ मला फार खटकतं. मुलं झोपल्यावर रात्री एक-एक वाजेपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसणं म्हणजे काही विरंगुळा नव्हे. पण दोष एकट्या गिऱ्हाइकाला तरी कसा द्यावा? पैशाचं बोलणं म्हणजे हावरटपणा, हे मुलींना आपणच शिकवलं ना?

खरं तर लिहून घेणं आपल्याला नवीन नाही. बचत गटात सख्ख्या जावेला कर्ज दिलं तरी रजिस्टरमध्ये रक्कम, तारीख, हप्ता लिहून सही घेतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही, उलट भांडणं टळतात. जमिनीचा सौदा इसारपावतीशिवाय पुढे सरकत नाही. आणि नुसत्या शब्दावर माल दिला की काय होतं, ते आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना विचारा. थोडे पैसे हातावर ठेवून माल उचलायचा आणि पसार व्हायचं, असे व्यापारी त्यांनी पाहिलेत. २०२० मध्ये अशा तक्रारींसाठी पोलिसांना खास मोहीम काढावी लागली होती.

मग आम्ही दोघींनी बसून एक पानाचा कागद तयार केला. वेबसाइट किती पानांची, फोटो आणि मजकूर कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा आणि त्यापुढच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे किती, डोमेन-होस्टिंगचा दर वर्षाचा खर्च कोणाचा, हे सगळं त्यात लिहिलं. पैसे तीन हप्त्यांत घ्यायचे: काम सुरू करताना, डिझाइन पसंत पडल्यावर आणि वेबसाइट सुरू करण्याआधी. खाली दोघांच्या सह्या. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून फोनवर ठरलेलं निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ‘मान्य आहे’ एवढं उत्तर तरी घ्यावं.

दुसरी गोष्ट उद्यम नोंदणीची. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. घरून एकटीने सेवा देणारी बाईही ती करू शकते. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. राज्य सरकारच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते, तक्रार ऑनलाइनही करता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी. आधी केलेल्या कामाला नंतरच्या नोंदणीचा आधार मिळेलच असं नाही.

जुन्या कामाचं बिल तिने तारखांसह लिहून पाठवलं, त्यातले सहा हजार आले. बाकीच्यासाठी पाठपुरावा चालू आहे. नव्या कामाच्या वेळी कागद पाहून एक गिऱ्हाईक परत गेलं, तेव्हा ती हिरमुसली. मी म्हटलं, ‘‘अगं, सही करायला जो कचरतो, तो पैसे देताना काय करणार होता?’’ त्यानंतर आलेल्या क्लासवाल्या बाईंनी मात्र कागद नीट वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

मैत्रिणींनो, आपल्या घरात एखादी सून, लेक असं काम करत असेल तर ‘ओळखीत काय लिहून घ्यायचं’ हे वाक्य आपण सोडून देऊ या. त्याऐवजी तिला एवढंच विचारू या, ‘‘पहिला हप्ता आला का गं?’’