विश्लेषण : ड्रॅग रेसमध्ये अश्वशक्तीपेक्षा मागच्या सस्पेन्शनची मांडणी महत्त्वाची का?

पाव मैल म्हणजे १,३२० फुटांचा सरळ रस्ता कोण आधी कापतो, एवढाच ड्रॅग रेसचा प्रश्न. त्यामुळे अमेरिकेतील हौशी रेसरचा पहिला मोठा खर्च ठरलेला असतो, तो म्हणजे इंजिन. टर्बो बसतो, अश्वशक्ती वाढते आणि हिरवा दिवा लागताच गाडी जागच्या जागी धूर काढते. शेजारची कमी ताकदीची, जुनाट गाडी तोवर पुढे निघून गेलेली असते. फरक बहुतेकदा मागच्या एक्सलला धरून ठेवणाऱ्या चार दांड्यांत असतो.

पहिल्या ६० फुटांना एवढे महत्त्व का?

शर्यतीनंतर मिळणाऱ्या कागदावर एकूण वेळेबरोबर पहिल्या ६० फुटांची वेळही छापलेली असते. अनुभवी रेसर आधी तीच वाचतो. तिथे वाचलेला सेकंदाचा एक दशांश शर्यतीच्या शेवटी साधारण दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो, असा ढोबळ हिशेब आहे. इतका फायदा इंजिनातून काढायचा तर खिसा बराच हलका होतो. दांडीचा बोल्ट एका भोकातून काढून दुसऱ्यात घालायला मात्र पाना आणि अर्धा तास पुरतो.

वजन मागे जाते म्हणजे काय होते?

गैरसमजाचे मूळ इथेच आहे. सस्पेन्शन बदलले की ‘जास्त वजन मागे जाते’ असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. किती वजन मागच्या चाकांवर येणार हे गाडीचा वेग किती झपाट्याने वाढतो, गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती, यावर ठरते. गाडी १,४०० किलोची, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, चाकांतील अंतर अडीच मीटर आणि वेगवाढ गुरुत्वाकर्षणाएवढी (१ जी) धरली, तर सुमारे २८० किलो भार मागे येतो. दांड्या कशाही लावा, हा आकडा जवळपास तोच राहतो. (आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. तिथे हाच भार नको त्या चाकांवर जातो.)

दांड्यांची मांडणी ठरवते ते हे की हा भार कोणत्या वाटेने आणि किती झटक्यात टायरवर येतो. बाजूने पाहिले तर वरच्या आणि खालच्या दांडीच्या रेषा पुढे वाढवल्यावर एका बिंदूत मिळतात. तो ‘इन्स्टंट सेंटर’. एक्सल जणू त्या बिंदूतून गाडीला ढकलत असतो. बिंदू मागे आणि उंच असेल तर टायरवर घाव जोरात बसतो. तो पुढे आणि खाली असेल तर दाब सावकाश येतो. यावरून निघणारी टक्केवारी म्हणजे ‘अँटी-स्क्वॉट’. ती १०० असली तर मागची बाजू ना बसते ना उठते. कमी असली तर बसते, जास्त असली तर उठते आणि टायर खाली दाबला जातो.

मग जास्त टक्केवारी चांगली का नाही?

कारण तो जादा दाब उसना असतो. मागची बाजू उठत असते तेवढाच वेळ तो टिकतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण ताणला गेला की दाब सुटतो आणि टायर घसरतो, तोही गाडीने वेग घेतल्यावर. अशा वेळी गाडी आडवी होऊन भिंतीकडे किंवा शेजारच्या लेनमध्ये जाऊ शकते. उलट १९७९ ते १९९३ दरम्यानच्या ‘फॉक्स बॉडी’ मस्टँगचा एक्सल सुटताना उड्या मारतो, ही जुनी तक्रार. तिथे दांड्यांची मांडणी बदलून टक्केवारी वाढवणे हा रूढ उपाय ठरला. म्हणजे एकच औषध सगळ्यांना लागू नाही.

त्यातच गुरुत्वमध्याची उंची फारच थोडे जण मोजतात. बरेच जण इंजिनातील कॅमशाफ्टची उंची हाच गुरुत्वमध्य धरतात. म्हणजे संगणकावर दिसणारी १३७ टक्क्यांची ऐट अंदाजावर उभी असते. शिवाय गाडी उठली-बसली की दांड्यांचे कोन बदलतात आणि तो बिंदूही सरकतो. एखाद्या जाणकाराची टक्केवारी जशीच्या तशी उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणे.

एकच चाक का घसरते?

प्रोपेलर शाफ्टचा पीळ एक्सललाही पिळतो, त्यामुळे उजवे मागचे चाक हलके होते. क्रायस्लरने १९६०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळ्या पाटा स्प्रिंगा दिल्या, त्या याचसाठी. आज मागे जाड अँटी-रोल बार लावतात किंवा उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालतात. पिनियनच्या कोनाने पकड वाढते हा समज मात्र सोडलेला बरा. तो कोन मुख्यतः शाफ्टच्या सांध्यांच्या सोयीसाठी असतो.

सर्वांत वेगवान ‘टॉप फ्युएल’ गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसते. ७.६ मीटर चाक-अंतराचा लवचिक सांगाडा, सुरकुत्या पडणारे टायर आणि ठरवून घसरू दिलेला क्लच तिथे हे काम करतात. हौशी रेसरला ती चैन परवडणारी नाही.

सुरुवात कुठून करावी?

चालकाला आत बसवून चारही चाकांखाली काटे ठेवावेत, दांड्यांची टोके टेपने मोजून कागदावर आखावीत. मग टायरची हवा, मग शॉकचे नॉब आणि त्यानंतरच दांडीची भोके. एका वेळी एकच बदल. बाजूने काढलेले संथ गतीचे चित्रीकरण आणि ट्रॅकवर उमटलेले काळे पट्टे संगणकापेक्षा जास्त सांगतात. पट्टा सुरुवातीलाच गडद असेल तर टायर लगेच सुटला. वीस फुटांनंतर गडद होत असेल तर आधी मागच्या शॉकचे ताणणे कडक करून पाहावे. दुपारी ट्रॅक तापून पकड बदलली की सकाळची मांडणी चालत नाही, आणि नॉबला पुन्हा हात लावावा लागतो.