सुईला पुरावा मागा!

शेवगाव शहर व तालुक्यातील बंधू-भगिनींनो,

ऊसतोडीने कंबर धरलेली, कापूस वेचून मान आखडलेली, उतारवयात गुडघ्यांनी जेर केलेली माणसे आपल्या तालुक्यात घरोघर आहेत. दुखणे सरत नाही, गोळ्यांनी पोट बिघडते आणि नगरच्या मोठ्या दवाखान्याचा खर्च झेपत नाही. अशा वेळी ‘औषध नाही, ऑपरेशन नाही, फक्त सुया’ असे कुणी म्हटले की मन तिकडे ओढ घेते. त्यात दुखणेकऱ्याचा काही दोष नाही. दोष आहे तो सुईच्या नावाने वाट्टेल ते कबूल करणाऱ्यांचा.

कंबरदुखीपासून सुरू झालेली यादी मधुमेह, मूतखडा, लकवा, वंध्यत्व इथपर्यंत जाते, तेव्हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे: अ‍ॅक्युपंक्चरने रोग खरोखर बरा होतो का? आमचे उत्तर स्पष्ट आहे. काही दुखण्यांत थोडा उतार पडतो, पण त्यातला मोठा वाटा सुई कोणत्या बिंदूवर टोचली याचा नसतो. त्यापुढचे मोठे दावे पुराव्याने सिद्ध झालेले नाहीत.

बिंदूंची परीक्षा झालेली आहे

या चिनी पद्धतीचे म्हणणे असे की शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते, ती अडली की रोग होतो आणि नेमक्या बिंदूवर सुई टोचली की ती मोकळी होते. शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली अशी वाहिनी आजवर सापडलेली नाही. तरीही म्हणू, वाहिनी राहू द्या, गुण येतो का ते पाहा. तेही पाहून झाले आहे.

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला बिंदू टाळून, वरवर टोचल्या. तिसऱ्याला औषधे, फिजिओथेरपी आणि व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के रुग्णांना गुण आला. म्हणजे सुयांच्या दोन्ही गटांना जास्त बरे वाटले, पण बिंदू बरोबर की चूक याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

२००९ साली अमेरिकेतल्या ६३८ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला सुईच टोचली नाही. सुईच्या नळीतून दात कोरायच्या काडीचे टोक त्वचेला नुसते लावले. कातडी भेदली गेली नाही, तरी त्या रुग्णांना खऱ्या सुईवाल्यांइतकाच आराम वाटला. काडीने जे साधते, त्यासाठी वाहिन्या, बिंदू आणि ‘ची’ यांचे शास्त्र कशाला हवे?

दुसरी बाजूही सांगतो, कारण पुरावा मागणाऱ्याने पुरावा लपवू नये. २०,००० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ साली जे विश्लेषण झाले, त्यात जुनाट दुखण्यांवर खरी सुई खोट्या (बिंदू टाळून टोचलेल्या किंवा नुसत्या टेकवलेल्या) सुईपेक्षा सरस ठरली, पण तो फरक लहान होता. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर मनगटावरच्या बिंदूचा काही उपयोग दिसला आहे. या पद्धतीची सगळ्यात भक्कम बाजू ती एवढी.

आता मूल होण्याचा दावा पाहा. २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८४८ स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासोबत खऱ्या सुया घेतलेल्यांत मूल जन्मण्याचे प्रमाण १८.३ टक्के होते, खोट्या सुया घेतलेल्यांत १७.८ टक्के. मुलासाठी आसुसलेल्या जोडप्याकडून सुयांचे पैसे घेणाऱ्याने हे दोन आकडे आधी त्यांच्यासमोर ठेवावेत.

मग ‘मला गुण आला’ हे खोटे का?

खोटे नाही. पण गुण कशाने आला, हे एकट्याच्या अनुभवावरून कळत नाही. दुखणे शिगेला पोचले की माणूस उपचाराला जातो आणि शिगेला पोचलेले दुखणे बहुधा पुढे आपोआप ओसरते. समोरचा माणूस अर्धा तास देतो, नाडी पाहतो, विचारपूस करतो, अंगाला हात लावतो. त्याने वेदना खरोखर हलकी वाटते. एका रात्रीत तोंड वाकडे होण्याच्या आजारात दहापैकी सुमारे सात जण काही उपचार न करताही पूर्ण बरे होतात. मधल्या काळात ज्याने सुई टोचली, श्रेय त्याच्या पदरात पडते. आणि पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्यास ज्या गोळ्यांनी बरे होण्याची शक्यता वाढते, त्या राहून जातात.

डॉ. कोटणीसांचे नाव ढाल म्हणून वापरू नका

चीन आणि महाराष्ट्र म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. अ‍ॅक्युपंक्चरच्या प्रचारात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. लुधियानात त्यांच्या नावाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयही आहे. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धाच्या धामधुमीत जखमी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच देह ठेवला. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले ते त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसू यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ते शिकून. कोटणीसांचा त्याग वंदनीय आहे, पण कुणाच्याही त्यागाने उपचार सिद्ध होत नाही.

‘हजारो वर्षांची विद्या’ हेही उत्तर नव्हे. खुद्द चीनच्या बादशहाने १८२२ साली राजवैद्यकीय संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर काढून टाकले होते. पुढे माओच्या राजवटीत, डॉक्टरांची मोठी टंचाई असताना, या पद्धतीला सरकारी बळ मिळाले. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे अपेंडिक्स १९७१ साली पेकिंगमध्ये ‘सुयांवर’ काढले, ही गोष्टही अशीच पसरली. त्यांना भूल नेहमीच्या इंजेक्शननेच दिली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी.

सरकारी शिक्का म्हणजे पुरावा नव्हे

‘सरकारमान्य आहे’ हे सर्वांत वजनदार वाटणारे उत्तर. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि परिषद नेमली, हे खरे आहे. पण सुई कोणी टोचावी, त्याचे शिक्षण किती असावे, नोंदणी कुठे व्हावी, हे कायदा ठरवू शकतो. सुईने साखर उतरते की नाही, हे विधानसभेच्या मतदानाने ठरत नाही. ते रुग्णांवरच्या चाचणीनेच ठरते. नोंदणी क्रमांक म्हणजे माणसाची ओळख; उपचाराची हमी नव्हे.

नुकसान फक्त पैशाचे नसते

अंगावरून वारे गेले, तर मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. शेवगावहून नगर गाठायलाच तास-दीड तास जातो. साडेचारांतले दोन तास सुयांत घालवले, तर पुढे जन्मभर अंथरूण नशिबी येऊ शकते. मधुमेही माणसाने सुयांच्या भरवशावर इन्सुलिन सोडले, तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. कंबरदुखीसोबत पाय लुळा पडत असेल, लघवी अडत असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर ते साधे दुखणे नाही. शिवाय निर्जंतुक नसलेल्या सुईने कावीळ ब पसरल्याची आणि छातीत खोल टोचल्याने फुप्फुसाला भोक पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

डॉक्टरांनो, तुम्हीही ऐका

रुग्ण सुईकडे जातो, कारण दवाखान्यात त्याच्याकडे मान वर करून पाहिले जात नाही. दोन मिनिटांत चिठ्ठी आणि वेदनाशामक गोळ्या हातात पडतात. त्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या की पोट आणि मूत्रपिंड बिघडते, हे तुम्ही जाणता. कंबरेचा व्यायाम, ओझे उचलायची रीत, विश्रांती आणि कामात फेरबदल हे समजावून सांगायला वेळ द्या. जर्मनीच्या चाचणीने नेहमीच्या उपचारांचीही लाज काढली आहे, हे विसरू नका.

आमच्या मागण्या

१. एखादा रोग बरा होतो असा दावा करणाऱ्या प्रत्येक फलकावर त्याचा पुरावा आणि दावा करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक असावा. मधुमेह, पक्षाघात, कर्करोग अशा रोगांवर औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. सुईलाही तोच नियम काटेकोर लावावा.

२. दर वेळी नवी निर्जंतुक सुई वापरावी आणि तिचे पाकीट रुग्णासमोर फोडावे.

३. चालू औषधे बंद करायला सांगणाऱ्यावर आरोग्य खात्याने कारवाई करावी.

४. ग्रामपंचायती, साखर कारखाने, देवस्थाने आणि शिक्षणसंस्था यांनी असिद्ध दाव्यांच्या शिबिरांना जागा आणि पैसा देऊ नये.

५. शेवगावच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट रोज उपलब्ध असावा आणि ऊसतोड कामगारांसाठी गाळप हंगामाआधी व नंतर कंबर-सांध्यांची तपासणी व्हावी.

बंधू-भगिनींनो, कुणी सुई घेऊन समोर आला तर त्याला चार प्रश्न विचारा. या रोगावर खोट्या सुईशी तुलना करून चाचणी झाली आहे का? किती रुग्णांवर? फरक किती पडला? गुण आला नाही तर मला पुढे कुठे पाठवाल? ज्याच्याकडे उत्तरे असतील तो देईल. ज्याच्याकडे नसतील, त्याच्या हाती आपला पैसा देऊ नका आणि आपले माणूसही देऊ नका.

आपले,
शेवगाव तालुक्यातील विवेकवादी नागरिक

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्या. अक्षरओळख नसलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवा.)