मे महिना, समुद्र आणि दीड वर्षाचं बाळ

एप्रिलच्या अखेरीस निकाल लागतात आणि नागपूरच्या घराघरांत एकच विषय निघतो : सुट्टीत कुठे जायचं? पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, त्यामुळे वेळही हाताशी असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आता ७०१ किलोमीटरचा हा रस्ता थेट ठाणे जिल्ह्यात उतरतो. मग कुणीतरी म्हणतंच, "चला मुंबईला. समुद्रावर तेवढाच थंडावा!" माझ्या धाकट्या भावाच्या घरीही हाच बेत शिजतो आहे. त्याचा मुलगा दीड वर्षाचा. भावजयीनं विचारलं, "आपा, बाळाला तिकडे बरं वाटेल ना?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर दोन शब्दांत देण्यासारखं नाही.

आधी आकडे पाहू. मे महिन्यात नागपूरचं दुपारचं सरासरी तापमान बेचाळीसच्या पुढे असतं, मुंबईचं तेहतीस-चौतीस. म्हणजे नऊ-दहा अंशांचा फरक. पण रात्री? नागपुरात अठ्ठावीसच्या आसपास, मुंबईत सत्तावीस. जेमतेम एका अंशाचा फरक. आता हवेतला ओलावा पाहा. नागपुरात मेच्या दुपारी तो वीस-पंचवीस टक्क्यांवर असतो. मुंबईत साठ-सत्तर टक्के.

हा ओलावा काय करतो, ते आपल्या घरातला माठ सांगतो. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. कूलरची ताटी आणि अंगावरचा घाम यांचं कामही असंच चालतं. नागपूरची कोरडी हवा ही वाफ चटकन उचलते. समुद्राकाठची हवा आधीच पाण्यानं भरलेली; तिथे माठ नीट गार होत नाही, कूलर नुसता दमट वारा फेकतो आणि घाम अंगावरून नुसता ओघळतो. तापमापकात दहा अंश कमी दिसले, तरी शरीराला तेवढा आराम मिळत नाही तो यामुळे.

हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. मैदानी भागात पारा किमान चाळीसला पोहोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनाऱ्यावर मात्र सदतीसपासूनच होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या सरकारी सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ माणसं दगावली. त्या दिवशी तिथला पारा अडतीसच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. आपल्याकडे अडतीस म्हणजे लोक "आज जरा बरं आहे" म्हणतात.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. लहानग्याचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता आत लवकर शिरते. घामही त्याला मोठ्यांइतका येत नाही. शिवाय "मला तहान लागली" हे त्याला सांगता येत नाही. तो फक्त किरकिर करतो आणि आपण म्हणतो, प्रवासानं दमलाय.

म्हणून जायचं असेल तर बेत बाळाच्या घड्याळावर आखा. फज्रनंतर ऊन चढेपर्यंत आणि असरनंतर मगरिबपर्यंत, एवढाच वेळ किनाऱ्याचा. अकरा ते चार खोलीत. समुद्र दिसणारी खोली नसली तरी चालेल, पण रात्री एसी चालणारी किंवा आरपार वारा येणारी हवी. कारण फरक दिवसाचा आहे, रात्रीचा नाही, आणि बाळाची झोप मोडली की सगळ्या घराची सुट्टी मोडते. दिवसाला एकच ठिकाण पाहा. अंगावर सैल मलमल असू द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचेवर घ्या, बाकी पाणी थोडं थोडं देत राहा. सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात मिसळा. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, बाळ मलूल, अशी लक्षणं दिसली तर डॉक्टर गाठा. अंग तापून बाळ शुद्धीत नीट नसेल तर सावलीत आणा, कपडे काढा, साध्या पाण्यानं अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ला फोन लावा. बंद उभ्या मोटारीत बाळाला दोन मिनिटंही एकटं ठेवू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपण चंद्रावर तारखा मोजणारी माणसं. समुद्रही चंद्रावरच चालतो. नवा चांद दिसला की पुढचे दोन-तीन दिवस, आणि तसेच चौदावीच्या चांदानंतरचे, मोठ्या भरतीचे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. ओहोटीला लांब गेलेलं पाणी पाहून बाळाला घेऊन आत चालत जाऊ नका. स्थानिक कोळी बांधवांना आधी वेळ विचारा. घोटाभर पाण्यातही दीड वर्षाचं मूल बुडू शकतं, म्हणून एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. मुरूडचा जंजिरा पाहायचा असेल तर तारीख बघून जा. नवतपा २५ मेला लागतो आणि साधारण त्याच सुमारास तिथल्या बोटी बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत.

खरं सांगायचं तर थंडावाच हवा असेल तर वाट पश्चिमेच्या समुद्राची नाही, मेळघाटाची आहे. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे, नागपूरहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. दुपार तिथेही तापते, पण रात्री अंगावर चादर घ्यावीशी वाटते. आणि समुद्र? तो डिसेंबरच्या सुट्टीतही तिथेच असतो. तेव्हा हवा कोरडी असते, वाळू पायाला भाजत नाही आणि बाळही सहा महिन्यांनी मोठं झालेलं असतं. त्या वयात ते लाटेकडे बोट दाखवून काहीतरी बोलतं. मेमध्ये ते फक्त घामोळ्यानं रडेल.

नातेवाइकांकडे लग्न आहे, दादी-दादा वाट पाहताहेत, अशी कारणं असतील तर मेमध्येही जरूर जा. पण समुद्रावर थंडावा मिळेल या हिशेबानं जाऊ नका.