विश्लेषण : पन्नाशीची जीप किंवा पिकअप रोज ऑफिसला नेता येते का? ‘व्हिंटेज’ नंबर घेण्याआधी नियम समजून घ्या…

गावच्या पडवीत वर्षानुवर्षे उभी असलेली आजोबांची जीप किंवा मागे हौदा असलेला जुना पिकअप दुरुस्त करावा आणि रोज चालवावा, असे स्वप्न अनेकांचे असते. हल्ली त्याला ‘व्हिंटेज’ नंबरप्लेटचीही जोड मिळाली आहे. मात्र ही दोन स्वप्ने कायद्याने एकत्र नांदत नाहीत. व्हिंटेज नंबर घेतला तर गाडी रोज चालवता येत नाही आणि रोज चालवण्यासाठी तिच्यात मोठे बदल केले तर ती व्हिंटेज राहत नाही. त्यामुळे गॅरेजवाल्याला पहिला हप्ता देण्याआधी आरसी बुक उघडणे शहाणपणाचे.

या गाड्यांचा मुंबईशी संबंध काय?

भारतात ‘जीप’ हा शब्द रुळला तो मुंबईतून. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी माझगावात होत असे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात, म्हणजे कांजूरमार्गपासून रेल्वेने चार स्थानके अंतरावर होता. प्रीमियरच्या डॉज आणि फार्गो ट्रकनी पुढे कित्येक वर्षे देशभर माल वाहिला. जुन्या गाड्यांमध्ये आज सर्वाधिक सापडतात त्या महिंद्राच्या जीप आणि त्यांच्याच चॅसिसवर बांधलेले पिकअप. रचना साधी असल्याने त्या दुरुस्त होतात, हे त्यांचे मोठे बळ.

‘व्हिंटेज’ म्हणजे नेमके काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, वैयक्तिक वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यासाठी पात्र ठरते. गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर फेरनोंदणीचे ५ हजार रुपये आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

खरी अट यापुढे आहे. व्हिंटेज गाडी नियमित किंवा व्यावसायिक कारणासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे. म्हणजेच कायद्याच्या नजरेत ती चालता-फिरता ठेवा आहे. कांजूरमार्गहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने रोज सीप्झ गाठण्यासाठी हा नंबर उपयोगाचा नाही. विम्यातील थर्ड पार्टी हप्त्यात व्हिंटेज खासगी मोटारींना ५० टक्के सवलत मिळते, पण तिच्या मोहापायी रोजचा वापर गमवावा लागेल.

मग रोज चालवायची तर मार्ग कोणता?

साध्या खासगी नोंदणीचे नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि नंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात खासगी गाडीला केवळ वयामुळे बंदी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या गाड्यांचे शुल्क वाढवले. मोटारीसारख्या हलक्या वाहनाला आता १० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी पडतो, तर आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार रुपये. शिवाय आरटीओची प्रत्यक्ष तपासणी, पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांसाठी उच्च सुरक्षा नंबरप्लेट हे सोपस्कार आहेतच. कांजूरमार्गचे अर्ज वडाळ्याच्या मुंबई (पूर्व) आरटीओत, म्हणजे ‘एमएच ०३’च्या कार्यालयात जातात.

पाच वर्षांसाठी १० हजार म्हणजे वर्षाला दोन हजार रुपये. एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ आहे. गाडी अडते ती नोंदणी कित्येक वर्षांपूर्वीच संपलेली असल्यामुळे किंवा आरसीवरील चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळत नसल्यामुळे. म्हणून विकत घेतानाच चॅसिसवर ठोकलेला क्रमांक स्वच्छ करून वाचावा.

पिकअपचा प्रश्न वेगळा का?

पिकअप बहुधा मालवाहू म्हणून नोंदलेला असतो. तो व्यावसायिक वर्गात मोडतो, त्यामुळे वैयक्तिक वापराच्या अटीशी बांधलेल्या व्हिंटेज नोंदणीत त्याला जागा मिळणे कठीण. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२५ मधील सुधारित दरांनुसार २० वर्षांहून जुन्या हलक्या व्यावसायिक वाहनाच्या फिटनेस चाचणीचे शुल्क १५ हजार रुपये आहे. खासगी जीपला पाच वर्षांत १० हजार आणि पिकअपला त्याच काळात ७५ हजार, असा हा फरक आहे.

यावर काही जण सोपा वाटणारा तोडगा काढतात : खासगी जीप घ्यायची, मागचा भाग कापायचा आणि हौदा बसवायचा. तो अंगाशी येऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच अधोरेखित केले. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीने आरसी आणि गाडी ताडून पाहिली, तर नुकसान याहून मोठे.

आरामासाठी काय बदलता येते?

कलम ५२ मधील ‘बदल’ म्हणजे गाडीचे मूळ वैशिष्ट्य पालटणारा रचनेतील बदल. झिजलेले भाग नवे बसवणे त्यात येत नाही. आणि जुन्या जीपचा त्रास बराचसा झिजेचाच असतो. गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे सुटे करून साफ केले, त्यांचे बुश बदलले, पुढच्या चाकांची बेअरिंग आणि स्टीअरिंग बॉक्समधील ढिलाई काढली, चांगले टायर योग्य हवेवर ठेवले, तर गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते. बाहेर पडायच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात खड्डे असतील, तर हा खर्च रंगकामाच्या आधी.

पण सर्वात आधी ब्रेक. जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर नसतो आणि चारही चाकांना ब्रेक ऑइल पुरवणारी एकच वाहिनी असते. एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. पूर्व द्रुतगती मार्गावर समोरची नवी गाडी करकचून थांबते तेव्हा हा फरक जीवघेणा ठरू शकतो. दोन स्वतंत्र वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर, डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंग अशा कामांसाठी आरटीओकडे आधी लेखी विचारणा करणे उत्तम. दुसरे इंजिन बसवायचे तर परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच. पेट्रोल इंजिन काढून बॅटरीवर जायचे असल्यास पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेची मान्यता असलेले किटच चालते.

वाहतूक कोंडीत गाडी का तापते?

जुन्या इंजिनाचा पंखा पट्ट्यावर फिरतो. गाडी रांगत असताना इंजिनाचा वेग कमी, म्हणून पंख्याचाही कमी आणि रेडिएटरला वारा मिळत नाही. विजेचा पंखा हा उपाय आहे, पण जुना डायनामो इंजिन मंद फिरताना जेमतेम वीज देतो. म्हणून आधी अल्टरनेटर, मग पंखा आणि त्यानंतरच एसीचा विचार. हा क्रम उलटला की बॅटरी उतरते आणि गाडी सिग्नलवर बंद पडते.

कांजूरमार्गला खाडी आणि मिठागरांची खारी हवा आहे. दुरुस्तीनंतर चॅसिसच्या पोकळ भागांत गंजरोधक मेण आणि दर पावसाळ्यानंतर तळाची पाहणी आवश्यक. इंधनाचाही प्रश्न आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि इंधन पंपाचा पडदा खराब करते आणि पाणी शोषून टाकीला गंज आणते. इथेनॉलला चालणारे भाग बसवून कार्ब्युरेटरचे जेट जुळवावे लागते. गंमत म्हणजे, रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास कमी, कारण तिच्यात पेट्रोल आठवडेच्या आठवडे साचून राहत नाही.

प्रदूषणाचे काय?

हा हौशी मालकांना नकोसा वाटणारा प्रश्न. पीयूसी चाचणीत भारत स्टेज २ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे आणि नंतरच्या मोटारींना जास्तीत जास्त ०.५ टक्के. म्हणजे पास झालेली जुनी जीपही किमान सहापट ‘सवलतीत’ असते. खिशालाही झळ बसते. लिटरला आठ किलोमीटर आणि महिन्याला ५०० किलोमीटर धरले, तरी ६२ लिटरहून अधिक म्हणजे सहा हजारांवर रुपयांचे पेट्रोल लागते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील हवेची दखल घेतल्यानंतर राज्य सरकारने पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने हटवण्याच्या अभ्यासासाठी समिती नेमली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईने शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला वयोमर्यादेमुळेच निरोप दिला होता. खासगी गाड्यांवर आज तशी मर्यादा नाही, पण ती कधीच येणार नाही असे गृहीत धरून लाखो रुपये ओतणे धोक्याचे.

निर्णय कसा घ्यावा?

गाडी अस्सल असेल, मूळ इंजिन आणि बॉडी शाबूत असेल, तर ती व्हिंटेज म्हणून जपावी आणि रॅलीला न्यावी. ती एकदा कापली की मूळ रूप परत येत नाही. आधीच बदल झालेली, पण आरसी चालू आणि कागदांशी जुळणारी खासगी जीप असेल, तर रोजच्या वापरासाठी तीच योग्य : आधी ब्रेक, मग पाटे आणि स्टीअरिंग, मग कूलिंग, शेवटी रंग. आरसीच सापडत नसेल, तर भाव कितीही पडलेला असो, सौदा सोडून द्यावा. पत्रा ठोकून सरळ करणारे कारागीर मुंबईत आजही मिळतात, कोरी आरसी कोणी बनवून देत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावे.