गाणाऱ्याचे गाणे

जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या बहिणाबाई चौधरी यांना ऐन तिशीत वैधव्य आले, मुलाबाळांचा आणि शेतीचा सारा भार शिरावर पडला. तरीही जात्यावर आणि शेतात राबताना त्यांच्या कंठातून जे गाणे उमटत राहिले, ते त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९५२ साली, ग्रंथरूपाने प्रकट झाले तेव्हा उभा महाराष्ट्र विस्मित झाला. त्या प्रतिभेचा गौरव आपण पुष्कळ केला. परंतु रसिकांच्या पसंतीची अपेक्षाही नसताना रचलेल्या त्या गाण्याने रचणारीच्या जिवाला केवढा आधार दिला असेल, याचा विचार क्वचितच केला.

हा आधार एकट्या बहिणाबाईंचा नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झाडाला बांधलेल्या झोक्यावर अहिराणी गाणी म्हणतात, श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री सारी भावकी एकत्र जागते, तेव्हा जे दुःख सासरी बोलण्याची मुभा नसते, ते गाण्यात निर्भयपणे बोलता येते. दुःखाला शब्द लाभतो, श्वासाला लय लाभते आणि एकटेपणाला सोबत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा परामर्श घेऊन कलांचा आरोग्याला होणारा लाभ मान्य केला. आमच्या खानदेशातील बायाबापड्यांना त्याची प्रचीती फार आधीपासून होती.

दळणाची जाती थांबली, स्त्रियांचे कष्ट हलके झाले, हे इष्टच झाले; मात्र कष्टांबरोबर गाण्याचे निमित्तही गेले, आणि कपाशीच्या भावाने खचलेला शेतकरी असो की परीक्षेच्या धास्तीने मिटलेला विद्यार्थी, आज दोघेही इतरांचे गाणे ऐकतात, स्वतः गात नाहीत. अर्थात, कला हा वैद्यकीय इलाजाला पर्याय नव्हे. मन फार खचले तर डॉक्टरांकडे जावे, शासनाच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर बोलावे, त्यात कमीपणा मुळीच नाही.

परंतु त्या अवस्थेपर्यंत पोहोचण्यापूर्वी माणसाला आपले मन मोकळे करण्यास हक्काची जागा हवी. म्हणून जळगाव-धुळ्याच्या गावोगावची वाचनालये, शाळा आणि भजनी मंडळे यांना आमची कळकळीची विनंती आहे की, आठवड्यातील एक संध्याकाळ त्यांनी गाण्या-लिहिण्यासाठी सर्वांना खुली ठेवावी आणि तेथे बक्षीस, परीक्षक, व्यासपीठ यांपैकी काहीही नसावे. वाचकहो, हा दिवाळी अंक अवश्य वाचा. पण वाचून झाल्यावर चार ओळी स्वतः लिहा, घरच्या माणसांत बसून एक गाणे स्वतः म्हणा.