एल्डरची आई

सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा वाटलं, आपल्याच विमानातून कुणीतरी सेलिब्रिटी आलंय. बाहेर फुगे, हाताने रंगवलेले 'वेलकम होम'चे बोर्ड, आजी-आजोबा, कडेवरची पोरं, सगळा गोतावळा. आणि आतून आला कोण, तर काळा सूट घातलेला, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेला एक किडकिडीत पोरगा. त्याच्या आईने त्याला मिठी मारली ती सोडेचना. मी बॅग ओढत बाजूने सटकलो, पण दोनदा मागे वळून बघितलं.

नंतर कळलं की युटामध्ये हे नेहमीचंच. इथे मॉर्मन लोकांची वस्ती मोठी. (पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळा, असं चर्च 2018 पासून आवर्जून सांगतं.) त्यांच्यात मुलगा 18 वर्षांचा झाला की दोन वर्षं 'मिशन'वर जातो, म्हणजे धर्मप्रसाराला. 2012 पर्यंत हेच वय 19 होतं. मुलीही जातात, 18 महिन्यांसाठी, पण मुलांच्या बाबतीत ते कर्तव्यच मानतात. कुठे जायचं ते मुलगा नाही, चर्च ठरवतं. ब्राझील निघेल, फिलिपिन्स निघेल, नाहीतर शेजारचं आयडाहो! खर्चाचा वाटा घरून, 2020 मध्ये तो महिन्याला 400 डॉलरवरून 500 झाला. डेटिंग बंद, जोडीदार मिशनरीला सोडून एकट्याने फिरणं बंद. आणि या नुकतं मिसरूड फुटलेल्या पोराला म्हणायचं काय, तर 'एल्डर'. म्हणजे वडीलधारा!

आमच्या टीममधल्या एका बाईंचे दोन मुलगे जाऊन आलेत. थोरला 2015 साली गेला, धाकटा 2022 साली. थोरल्याच्या वेळी आठवड्याला एक ईमेल, आणि फोन वर्षातून फक्त दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. दोन वर्षांत चार फोन! फेब्रुवारी 2019 मध्ये चर्चने नियम बदलला आणि दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करायची परवानगी दिली.

मला वाटलं, बाई म्हणतील आता किती सोपं झालं. तर म्हणाल्या, "थोरला 'सगळं छान चाललंय' असं लिहायचा आणि मी विश्वास ठेवायचे. धाकट्याचा चेहराच दिसायचा. आठवडाभर लोकांनी तोंडावर दारं लावलेली असायची, ते लपायचं नाही. मी इथे स्वयंपाकघरात बसून काय करणार?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "एकदा म्हणाला, घरी यायचंय. मी 'ये' म्हणाले नाही. तो पूर्ण करून आला, पण मी बरोबर केलं का, ते अजून कळत नाही."

खरं सांगायचं तर मला हे पटत नाही. घरोघरी जाऊन आपला धर्म पटवून देणं तर नाहीच नाही. शिवाय मुदतीआधी परतलेल्या मुलाबद्दल लोक कुजबुजतात, आणि ते आईला पक्कं माहीत असतं. अशा वेळी तिचं 'राहा' हे किती तिचं आणि किती शेजाऱ्यांचं, कसं सांगणार?

पण तरीही एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. त्या आईला तारीख माहीत असते. मुलगा जाण्याआधी रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर बोलतो, आई रडते आणि कुणी तिला "चांगलं झालं ना, मग रडता काय?" म्हणत नाही. बाजूला बसलेल्या बाईचाही मुलगा कुठेतरी असतोच की.

आमच्याकडे? माझा व्हिसा झाला तेव्हा सांगलीत पेढे वाटले गेले. आईला म्हटलं होतं, "दोन वर्षांचा तर प्रोजेक्ट आहे गं." हे चौथं वर्ष चालू आहे. आमच्या मिशनला एक्स्टेन्शन मिळतं आणि वर त्याचं अभिनंदनही होतं! आईशी व्हिडिओ कॉल रोज होतो. वर्षाला दोन फोनवर भागवणाऱ्या आईपेक्षा माझी आई खूपच सुखी असायला हवी, नाही का? पण ती "जेवलास का?" विचारते, मी 'हो' म्हणतो. ती "कधी येणार?" विचारते, मी 'बघू' म्हणतो. आणि रडायची तर तिला सोयच नाही, कारण मुलाचं चांगलं चाललंय.

मला वाटतं, आईला लांबचं अंतर सोसतं, कमी फोनही सोसतात. 'बघू' सोसत नाही. आणि तो 'बघू' कुठल्या चर्चने लादलेला नाहीये, तो माझा आहे.

असो. आज रविवार, संध्याकाळ होत आलीये. सांगलीत थोड्या वेळात सोमवारची सकाळ होईल, आई चहा ठेवेल आणि फोन वाजायची वाट बघेल. कॅलेंडर उघडून बसलोय खरा. ग्रीन कार्डचा अर्ज करायचा की परतायचं, एवढंच ठरवायचंय. निदान कुठल्या तारखेपर्यंत ठरवणार, तेवढं तरी आज तिला सांगावं म्हणतोय.