अंतराळात पाठ टेकत नाही

कामशेतला बाहेरची माणसं पूर्वी इंद्रायणी तांदूळ न्यायला यायची, मग पॅराग्लायडिंगला येऊ लागली, आणि आता विज्ञानकथा शिकायलाही येतात. धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर दोन दिवसांचं लेखन-शिबिर होतं. गावातला जुना वाचक म्हणून मलाही बोलावणं आलं. रविवारी सकाळी मैदानावर पोरांना लाठीकाठी शिकवणारा म्हातारा तो हाच, हे आयोजकांना ठाऊक नसावं. असतं तर पहिल्या रांगेत बसवलं नसतं.

एका मुलीने कथेचा आराखडा वाचला. गुरूच्या चंद्रावर निघालेली सहा जणांची लष्करी तुकडी. एक यान हाकणारा, एक डॉक्टर, एक यंत्रं सांभाळणारी वगैरे, आणि सहावा हातघाईत तरबेज. मार्गदर्शक उसळलेच. म्हणाले, लढाया आता ड्रोन लढतात. शंभर किलोमीटरवरून माणूस टिपता येतो. तुमचा शिपाई काय यानात गुद्दे मारत बसणार? ही सिनेमांची उष्टावळ आहे. वर गुरुत्वाकर्षण नाही. आणि असलं पात्र मराठीत आलं की मागोमाग शिवकाळ येतोच. पाच मिनिटांत सहावा शिपाई यानाबाहेर गेला. मुलीने वहीत काट मारली. ती काट मला झोंबली.

उष्टावळीचं म्हणाल तर बटण दाबून शत्रू भस्म करणारा सेनापतीही सिनेमातच भेटतो. आणि शिवकाळ येतो तर येऊ द्या, इथून लोहगड दिसतो, त्याला आम्ही झाकायचं कशाने?

खरा मुद्दा पहिला. दुरून मारता येतं तर जवळ जायचं कशाला? ऐकायला बिनतोड वाटतं. पण दुरून मारता येणं आणि दुरून मारायची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विज्ञानकथेतला तज्ज्ञ पहिलीवरच थांबतो. १५ जून २०२०ची रात्र आठवा. गलवान खोरं, सुमारे चौदा हजार फूट उंची. भारत आणि चीन, दोन्ही बाजूंना अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं, डोक्यावर उपग्रह. आणि माणसं लढली कशाने? दगड, लोखंडी गज, खिळे ठोकलेले दंडुके. आपले वीस जवान गेले. कारण १९९६च्या करारानुसार ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी झाडायची नाही. बंदूक होती, मुभा नव्हती. त्या रात्री शरीराची ताकद, पायांचा तोल आणि शेजारच्यावरचा भरवसा एवढंच हत्यार उरलं होतं. हे एकविसाव्या शतकात घडलं. तेविसाव्या शतकातले लोक करार करणार नाहीत असं मार्गदर्शकांना कोणी कळवलं?

करारातून हातघाई निघते ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या भेटीची अटच अशी की दोघांचे दहा-दहा अंगरक्षक, तेही बाणाच्या टप्प्यावर उभे. दोन्ही फौजा, तोफा सगळं लांब. शामियान्यात उरली ती अंगरख्याखालची जाळी, वाघनखं आणि सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण मराठीत उगाच रुजलेली नाही. त्या दहा अंगरक्षकांची निवड करताना आमचे मार्गदर्शक हजर असते तर म्हणाले असते, महाराज, हा पट्टेबाज कशाला, एखादा गोलंदाज घ्या!

कराराचं सोडा. जागेचं बघा. यान म्हणजे हवा भरलेला पातळ पत्र्याचा डबा. त्यात गोळी झाडायची म्हणजे विहिरीत उतरून दोर कापायचा. सोव्हिएत संघाने १९७४ साली साल्युत-३ हे स्थानक वर पाठवलं. वरकरणी नागरी, आतून लष्करी. त्यावर विमानातली तोफ बसवली होती. नेम धरायचा तर सगळं स्थानकच वळवावं लागे. आणि ती तोफ डागली कधी? १९७५च्या जानेवारीत, आत एकही माणूस नसताना, जमिनीवरून हुकूम पाठवून. ज्यांच्याकडे अंतराळात खरीखुरी तोफ होती, त्यांनी माणसं घरी आणल्यावर तिला हात लावला. तेव्हा यानात शत्रू शिरला तर काय करायचं, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर बटणात नाही.

इथे मला एक जुना वाद आठवतो. वीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या चर्चेत आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत भांडलो होतो, की विज्ञानकथेत विज्ञान किती असावं. एका गृहस्थांचं म्हणणं, कथा वाचून विद्यार्थ्याला दोन मार्क जास्त पडले पाहिजेत. त्यांना मी विचारलं होतं, नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि इतिहास फिरतो, यात किती मार्कांचं विज्ञान आहे? ते म्हणाले, बघा, तिथेही गोळीच. हो, गोळीच. पण १४ जानेवारी १७६१ला गोळी एकाला लागली. फौज मोडली ती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले आणि अंबारी रिकामी दिसली म्हणून. आपला माणूस जागेवर दिसतो की नाही, हे शिपाई बघतो. त्या वादाचा निकाल त्या रात्री लागला नाही. चहा संपला.

आणि यंत्रावर विसंबायचंच असेल तर कामशेतहून लोकलने दोन स्टेशनं पुढे वडगावला उतरा. १७७९च्या जानेवारीत इंग्रजी फौज घाट चढून आली ती कवायती पलटणी आणि तोफांच्या जोरावर. कार्ल्याला कॅप्टन स्ट्युअर्ट, आपला इष्टुर फाकडा, पडला. पुढे तळेगाव जाळून मोकळं केलेलं सापडलं, आणि माघारी फिरताना जड तोफा तिथल्याच तळ्यात बुडवून शेवटी वडगावला शरण यावं लागलं. (मराठ्यांकडेही तोफा होत्या, फाकडा त्यांच्याच गोळ्याने गेला, हे मी मार्गदर्शकांनी सांगण्याआधीच सांगून टाकतो.)

राहिलं गुरुत्वाकर्षण. हा त्यांचा एकमेव शास्त्रीय आक्षेप, आणि तो अर्धाच खरा. ठोसा मारला की मारणाराही मागे फेकला जातो, हे न्यूटनने सांगितलंय. म्हणून वर बॉक्सर कामाचा नाही. पण पैलवान? स्थानकावरचे अंतराळवीर कामाला लागले की पाय कठड्यात अडकवतात. ज्याला पाय रोवायला आणि पकड धरायला येतं, तो तिथे राजा. धोबीपछाड बाद, कारण आपटायला जमीन नाही. चीतपट तर मुळीच नाही, पाठ टेकणार कुठे? पंचांची पंचाईत होईल खरी. पण कैची घातली की ती इथे जशी बसते तशीच तिथेही बसेल.

आता माझी बाजू. ती लांबलचक नाही. दांडपट्टा राज्यशस्त्र झाला म्हणून तो यानात नेऊ नका. पट्ट्याच्या खोबळ्यात मनगट अडकतं, वार खांद्यातून येतो, त्याला ऐसपैस रिंगण लागतं. यानाच्या बोळात पहिला वार स्वतःच्याच डॉक्टरवर होईल. हाइनलाइनच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या १९५९च्या कादंबरीत एक रंगरूट विचारतोच, अणुबॉम्बच्या काळात सुरीफेक कशाला शिकायची? त्याचा सार्जंट उत्तर देतो ते किती मारायचं याच्या हिशोबाचं. आमच्या मैदानावरही पोरगं पहिल्यांदा शिकतं ते लाठी शेजाऱ्याच्या कानाजवळ आणून थांबवायला. तुकडीत असा एक जण हवा. इथल्या टेकड्यांवर उडायला आलेली माणसंसुद्धा आधी जमिनीवर छत्री सांभाळत पळायला शिकतात. त्यांना कोणी म्हणत नाही, उडायचंय तर पळता कशाला.

निघताना त्या मुलीला गाठलं. म्हटलं, पोरी, सहाव्याला परत घे, फक्त पैलवान कर. तिने वही उघडली, काट मारलेल्या नावावर बराच वेळ पेन धरलं आणि विचारलं, “आजोबा, पैलवान बाई चालेल?”

मी म्हटलं, वजन किती ते आधी ठरव.